अमेरिकेतली बंदूक आणि मिलिशिया: घटनेतल्या २७ शब्दांत नक्की काय आहे?

अमेरिकेत कुठे गोळीबार झाला की आपल्याकडच्या बातमीत एक वाक्य ठरलेलं असतं: 'तिथे बंदूक बाळगणं हा घटनेनं दिलेला हक्क आहे.' वाक्य खरं आहे, पण अर्धं. ज्या कलमातून हा हक्क येतो, त्यात बंदुकीच्या आधी मिलिशिया, म्हणजे सामान्य नागरिकांची हत्यारबंद फौज, येते. आणि आजची स्थिती अशी की, अमेरिकेत एकट्या माणसाला घरात बंदूक ठेवण्याचा हक्क आहे, पण पाचपन्नास जणांनी मिळून बंदुका घेऊन स्वतःची फौज काढण्याचा हक्क नाही. सव्वादोनशे वर्षांत त्या कलमाचा पहिला भाग सरकारच्या ताब्यात गेला आणि दुसरा घराघरांत पोचला. ही फारकत कशी झाली ते कळलं की बाकीचे बरेच प्रश्न आपोआप सुटतात.

आधी वाक्य पाहू. दुसरी घटनादुरुस्ती १५ डिसेंबर १७९१ रोजी मंजूर झाली. मराठीत तिचा अर्थ साधारण असा: 'सुव्यवस्थित मिलिशिया ही मुक्त राज्याच्या सुरक्षिततेसाठी आवश्यक असल्याने, शस्त्रे ठेवण्याच्या व बाळगण्याच्या लोकांच्या हक्काला बाधा आणली जाणार नाही.' मूळ इंग्रजीत हे २७ शब्द आहेत. भाषांतर करायला बसलं की पहिल्याच वळणावर ठेच लागते. 'असल्याने' लिहिलं की पहिला भाग दुसऱ्याचं कारण होतो. मग कारण उरलं नाही तर हक्कही उरला नाही, असं म्हणायला वाट मोकळी. त्याऐवजी 'मिलिशिया आवश्यक आहे. आणि लोकांच्या हक्काला बाधा आणू नये' अशी दोन वाक्यं केली, तर हक्क स्वतःच्या पायावर उभा राहतो. इंग्रजीतलं 'बीइंग' या दोहोंच्या मधे कुठेतरी लोंबकळतं. म्हणजे भाषांतर करणाऱ्याला नकळत एका पक्षाचं वकीलपत्र घ्यावं लागतं. तिथला सगळा कोर्टकज्जा याच जागेवर चाललेला आहे. त्यात स्वल्पविरामांचा घोळ आहेच: काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, हस्तलिखित प्रतीत तीन स्वल्पविराम आहेत, काही राज्यांनी मंजूर केलेल्या प्रतींत एकच.

'दुसरी' या क्रमांकाला मात्र फार अर्थ चिकटवू नये. राज्यांकडे १२ दुरुस्त्या मंजुरीसाठी गेल्या होत्या, त्यांत ही चौथी होती. पहिल्या दोन तेव्हा बारगळल्या, म्हणून ही दुसरी झाली.

मिलिशिया म्हणजे कोण?

मराठीत जवळचा शब्द शोधायचा तर शिबंदी आठवते. पण शिबंदीला पगार असे, मिलिशियाला रोजचा पगार नसे. अमेरिकी वसाहतींत गावातले धडधाकट पुरुष हीच मिलिशिया. शेतकरी, लोहार, दुकानदार. ठरलेल्या दिवशी गावाच्या माळावर जमायचं, कवायत करायची, हाक आली की आपली बंदूक घेऊन निघायचं आणि काम झालं की परत नांगराला हात घालायचा. पोलीस खातं तेव्हा नव्हतं आणि खडं सैन्य नको होतं.

खडं सैन्य नको असण्याचं कारण ताजं होतं. १८ एप्रिल १७७५च्या रात्री ब्रिटिश पलटण बोस्टनहून काँकर्डकडे निघाली ती तिथे साठवलेली बंदुकीची दारू आणि तोफा जप्त करायला. दुसऱ्या दिवशी पहाटे वाटेत लेक्झिंग्टनला गावकऱ्यांशी गाठ पडली, गोळ्या सुटल्या आणि स्वातंत्र्ययुद्ध पेटलं. सरकार आधी शस्त्रं काढून घेतं आणि मग हवं ते करतं, हा धडा त्या पिढीच्या अंगात मुरला होता. त्यामागे इंग्लंडची आठवणही होती. तिथल्या १६८९च्या हक्कांच्या सनदेत प्रोटेस्टंट प्रजेला स्वसंरक्षणासाठी, आपल्या परिस्थितीला शोभतील आणि कायद्याला मान्य असतील अशी शस्त्रं बाळगता येतील, असं लिहिलेलं होतं.

१७८७ साली नवी राज्यघटना लिहिली गेली. तिने मिलिशियाची मालकी दोघांत वाटली. मिलिशियाला कायदा राबवायला, बंड मोडायला आणि आक्रमण परतवायला बोलावण्याचा अधिकार काँग्रेसला. तिची रचना, शस्त्रं आणि शिस्त ठरवण्याचा अधिकारही काँग्रेसला. पण अधिकारी नेमणं आणि कवायत घेणं राज्यांकडे. व्हर्जिनियात या घटनेला विरोध करणाऱ्या जॉर्ज मेसन आणि पॅट्रिक हेन्री यांनी लगेच बोट ठेवलं: मिलिशियाला शस्त्रं देणं केंद्राच्या हातात, मग केंद्राने ती दिलीच नाहीत तर? दुर्लक्षानेच मिलिशिया मरेल. घटनेचे एक प्रमुख शिल्पकार जेम्स मॅडिसन यांनी याच भीतीवर आकडेमोड मांडली होती. नव्या देशाला जास्तीत जास्त पंचवीस-तीस हजारांचं सैन्य परवडेल. त्याच्यासमोर हातात शस्त्र असलेले सुमारे पाच लाख नागरिक उभे राहतील, घाबरायचं कशाला? तरीही घटनेत स्पष्ट हमी हवी हा आग्रह सुटला नाही, आणि त्यातून दुसरी दुरुस्ती आली.

एक गोष्ट इथे झाकून ठेवणं बरं नाही. दक्षिणेकडच्या राज्यांत मिलिशियाचं एक नेहमीचं काम गुलामांवर पहारा ठेवण्याचं होतं. रात्री रस्त्यांवर गस्त घालायची, चिठ्ठीशिवाय बाहेर दिसलेल्या काळ्या माणसाला पकडायचं, उठाव झाला तर दडपायचा. 'लोकांचा हक्क' या शब्दांत तेव्हा सगळे लोक नव्हते.

२४ काडतुसं आणि दोन गारा

मिलिशिया ही त्या काळी सक्तीची होती, हे आज अमेरिकेतही अनेकांच्या लक्षात नसतं. मे १७९२ मधला कायदा वाचला तर तो हक्काची सनद कमी आणि शाळेच्या सुरुवातीला मिळणारी सामानाची यादी जास्त वाटतो. १८ ते ४५ वयाच्या प्रत्येक स्वतंत्र, धडधाकट, गोऱ्या पुरुष नागरिकाने नाव नोंदवायचं. नोंदणीची सूचना मिळाल्यापासून सहा महिन्यांत स्वतःच्या खर्चाने सामान आणायचं: चांगली मस्केट, म्हणजे आपल्या कोकणातल्या ठासणीच्या बंदुकीची मोठी बहीण, तिची संगीन आणि पट्टा, चापाच्या घोड्यात बसवायच्या दोन जादा गारा (ठिणगी पाडणारे दगड), पाठीवरची पिशवी, आणि बंदुकीच्या नळीला बसतील अशी किमान २४ काडतुसं मावतील असा डबा. मस्केटऐवजी रायफल असेल तर २० गोळ्या आणि पाव पौंड दारू. कर्जापोटी किंवा थकलेल्या करापोटी हे सामान जप्त करता येणार नाही, अशीही तरतूद होती. घरची भांडी सावकार नेऊ शकत होता, बंदूक नाही.

२४ काडतुसं म्हणजे किती वेळची लढाई? काडतूस म्हणजे कागदाची पुडी, आत दारू आणि शिशाची गोळी. दाताने पुडीचं टोक फाडायचं, चिमूटभर दारू बंदुकीच्या कानाजवळच्या, म्हणजे नळीच्या बुडाच्या छिद्राजवळच्या, पेल्यात टाकायची, उरलेली नळीत ओतायची, मागून गोळी आणि कागद सारायचा, गजाने ठासायचं, घोडा चढवायचा आणि बार काढायचा. सरावलेला शिपाई हे मिनिटाला सुमारे तीन वेळा करी. म्हणजे अख्खा डबा आठ मिनिटांत रिकामा. दोन जादा गारा का, हेही कळतं: गार झिजली की ठिणगी पडत नाही आणि ऐन वेळी बंदुकीची काठी होते.

खरी अडचण नळीच्या मापाची होती. जो तो आपल्या घरची बंदूक आणणार. कुणाची नळी रुंद, कुणाची अरुंद. शेजाऱ्याची काडतुसं संपली तर आपली त्याच्या नळीत बसतीलच असं नाही. म्हणून कायद्याने पाच वर्षांची मुदत दिली: त्यानंतर मिलिशियाच्या सगळ्या मस्केटी एकाच मापाच्या, पौंडात १८ गोळ्या बसतील अशा, म्हणजे साधारण २५ ग्रॅमची गोळी घेणाऱ्या असाव्यात. कागदावर उत्तम. पण सामान न आणणाऱ्याला काय शिक्षा, हे त्या कायद्याने ठरवलंच नव्हतं. ते राज्यांवर सोडलं. चांगली बंदूक स्वस्त नव्हती. लोक कवायतीला मोडक्या बंदुका घेऊन येत, कुणी काठ्या घेऊन येत, आणि कवायतीचा दिवस हळूहळू जत्रेसारखा होऊन गेला.

परिणाम युद्धात दिसला. २४ ऑगस्ट १८१४ रोजी वॉशिंग्टनजवळच्या ब्लेडन्सबर्गला ब्रिटिशांसमोर बहुतांश मिलिशियाच उभी होती. ती पांगली, आणि त्याच रात्री ब्रिटिशांनी वॉशिंग्टन शहरात शिरून अध्यक्षांचं निवासस्थान जाळलं. बंड मोडण्याच्या कामी मात्र ती उपयोगी पडली होती: १७९४ साली व्हिस्कीवरच्या कराविरुद्ध पश्चिम पेनसिल्व्हेनियात उठाव झाला, तेव्हा अध्यक्ष वॉशिंग्टन सुमारे १३,००० मिलिशिया घेऊन स्वतः निघाले. मिलिशिया म्हणजे सरकारविरुद्ध उठण्याची सोय, असं आज सांगणाऱ्यांना ही मोहीम सहसा आठवत नाही.

मिलिशिया आज कुठे आहे?

१७९२चा कायदा १११ वर्षं टिकला. १९०३ साली नवा कायदा आला आणि मिलिशियाचे दोन भाग झाले. संघटित मिलिशिया म्हणजे नॅशनल गार्ड. असंघटित मिलिशिया म्हणजे बाकी सगळे: आजच्या कायद्यात १७ ते ४५ वयाचे धडधाकट पुरुष नागरिक, आणि नागरिक होण्याचा इरादा जाहीर केलेलेही. हा दुसरा भाग आजही कायद्याच्या पुस्तकात आहे. न्यू जर्सीत राहणारा, नागरिकत्व घेतलेला तिशीतला मराठी इंजिनिअर कायद्याने अमेरिकेच्या असंघटित मिलिशियात मोडतो. त्याला कुणी पत्र पाठवत नाही, कवायत नाही, काम नाही. बायको नॅशनल गार्डमध्ये असेल तर ती संघटित मिलिशियात; नसेल तर कुठेच नाही.

नॅशनल गार्डमध्ये आज चार लाखांहून जास्त सैनिक आहेत. शपथ दोघांचे हुकूम पाळण्याची: राज्याच्या गव्हर्नरचे आणि देशाच्या अध्यक्षांचे. पूर, वणवे, दंगली यांसाठी गव्हर्नर बोलावतात. अध्यक्षांनी केंद्राच्या सेवेत घेतलं की ते केंद्राचं सैन्य. या दोन मालकांची ओढाताण १९५७ साली लिटल रॉकला उघड दिसली. काळ्या मुलांना गोऱ्यांच्या शाळेत जाऊ देऊ नये म्हणून आर्कान्सॉच्या गव्हर्नरने गार्ड शाळेच्या दारात उभं केलं. अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी तेच गार्ड केंद्राच्या सेवेत घेऊन गव्हर्नरच्या हातातून काढलं. जून २०२५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरचा विरोध असताना अध्यक्षांनी तिथलं गार्ड लॉस एंजेलिसमध्ये उतरवलं, तेव्हा याच वादाने पुन्हा कोर्टाची पायरी गाठली.

या गार्डची रायफल सरकारी असते आणि सरकारी शस्त्रागारात कुलपात राहते. १७९२ मध्ये घरातली बंदूक हे सार्वजनिक कामाचं हत्यार होतं. आज मिलिशियाची बंदूक घरात नाही आणि घरातल्या बंदुकीचा मिलिशियाशी संबंध नाही.

मग लष्करी पोशाख करून, रायफली खांद्याला लावून फिरणाऱ्या आणि स्वतःला मिलिशिया म्हणवणाऱ्या गटांचं काय? त्यांचं नाव घटनेतलं आहे, अधिकार नाही. हे १८८६ सालीच ठरलं. शिकागोत जर्मन कामगारांची एक संघटना होती. १८७९ साली तिचे सुमारे ४०० लोक रायफली घेऊन रस्त्यावरून संचलन करत गेले, पुढे घोड्यावर तलवार घेतलेला हर्मन प्रेसर. राज्याच्या परवानगीशिवाय लष्करी संचलन करायला इलिनॉयमध्ये बंदी होती. दंड झाला १० डॉलर. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि न्यायालयाने सांगितलं, खासगी लष्करी संघटनांवर राज्य बंदी घालू शकतं. बंदुकीच्या बाजूने २००८ साली जो मोठा निकाल आला, त्यानेही ही गोष्ट तशीच ठेवली.

आज ५० पैकी प्रत्येक राज्यात अनधिकृत खासगी फौजांना आवरणारी काही ना काही तरतूद आहे: कुठे राज्यघटनेत लष्कर हे मुलकी सत्तेखाली राहील असं कलम, कुठे परवानगीशिवाय कवायतीला बंदी, कुठे दंगलीसाठी शस्त्रांचं शिक्षण देणं हा गुन्हा. अडचण अंमलबजावणीची आहे. दहा माणसं वेगवेगळी बंदूक घेऊन मोर्चाला आली, तर अनेक राज्यांत ते कायदेशीर. तीच दहा माणसं एकाच्या हुकमावर रांग धरून उभी राहिली, रस्ता अडवला, येणाऱ्या-जाणाऱ्यांची ओळखपत्रं तपासू लागली, तर ती पोलिसांचं किंवा सैन्याचं काम करू लागली आणि कायदा मोडला. ही रेषा रस्त्यावर उभ्या असलेल्या हवालदाराने ओळखायची असते, म्हणून बहुतेक वेळा कुणीच ओळखत नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये व्हर्जिनियातल्या शार्लट्सव्हिलला गोऱ्या वर्चस्ववाद्यांचा मोर्चा निघाला, त्यानंतर शहराने फौजदारीऐवजी दिवाणी वाट धरली. दावा लावला, आणि अनेक गटांकडून लिहून घेतलं की दोन किंवा जास्त जण मिळून, शस्त्रं घेऊन, एकत्र मोहिमेसारखे परत येणार नाहीत.

बंदुकीचा हक्क एकट्या माणसाचा कसा झाला?

१९३४ साली मशीनगन आणि नळी कापलेल्या शॉटगनवर केंद्राने २०० डॉलरचा कर आणि नोंदणी लावली. तेव्हा हे पैसे शॉटगनच्या किमतीहून कितीतरी जास्त होते. बंदी न घालता बंदी घालायची ही जुनी युक्ती. ओक्लाहोमाहून आर्कान्सॉला १८ इंचांपेक्षा आखूड नळीची, नोंद नसलेली शॉटगन नेणाऱ्या दोघांवर खटला झाला. १९३९ साली सर्वोच्च न्यायालयात आरोपींच्या बाजूने कुणी उभंच राहिलं नाही. मिलर नावाचा मुख्य आरोपी तर निकालाच्या सुमारास मरून पडला होता, गोळ्या लागून. न्यायालय म्हणालं, अशा शॉटगनचा मिलिशियाला उपयोग आहे याचा पुरावा समोर नाही, तेव्हा तिला घटनेचं संरक्षण नाही. एकतर्फी सुनावणीतून आलेल्या या छोट्या निकालावर खालच्या कोर्टांनी पुढची जवळपास ७० वर्षं काढली: हक्क मिलिशियाशी बांधलेला, सुट्या माणसाचा नाही.

२६ जून २००८ रोजी हे उलटलं. वॉशिंग्टन शहरात १९७६पासून नवी पिस्तुलं घरात ठेवायला बंदी होती. रायफल ठेवायची तर सुटी करून किंवा चापाला कुलूप घालून. डिक हेलर हा सरकारी इमारतीत पिस्तूल लावून पहारा देणारा माणूस. घरी तेच ठेवायची परवानगी मागितली, नकार मिळाला. पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालयाने ठरवलं की हक्क व्यक्तीचा आहे. निकाल न्यायमूर्ती स्कॅलिया यांचा: वाक्याचा पहिला भाग प्रस्तावना, तो हेतू सांगतो, दुसरा भाग आज्ञा, आणि प्रस्तावना आज्ञेला आखडू शकत नाही. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी विरोधात लिहिलं की मिलिशिया हाच विषय आहे, तो बाजूला काढला तर वाक्यच उरत नाही. इतिहासाचे तेच कागद समोर ठेवून दोन विद्वान उलट टोकांना गेले. आमच्या मते व्याकरणाने हा प्रश्न सुटणारा नव्हताच. १७९१ची माणसं हक्क आणि कर्तव्य वेगळं करत नसत, आणि आपण ते वेगळं केल्याशिवाय वाचू शकत नाही.

त्याच निकालात मर्यादाही लिहिल्या आहेत, आणि दोन्ही बाजूंचे लोक त्या वगळून वाचतात. गंभीर गुन्हेगार आणि मानसिक आजारी व्यक्तींवरची बंदी, शाळा आणि सरकारी इमारतींतली बंदी, विक्रीवरच्या अटी या बहुधा वैध. 'धोकादायक आणि असामान्य' हत्यारांना संरक्षण नाही. हा निकाल केंद्राच्या अखत्यारीतल्या शहरापुरता होता. २०१० साली शिकागोच्या खटल्यात तो राज्यांनाही लागू झाला. २०२२ साली न्यूयॉर्कची 'खास कारण दाखवा, मग बाहेर पिस्तूल नेण्याचा परवाना' ही अट रद्द झाली, आणि नवी कसोटी आली: आजचा निर्बंध टिकायचा तर त्याच्यासारखी परंपरा इतिहासात होती हे सरकारने दाखवावं.

या कसोटीने खालच्या न्यायाधीशांची फजिती केली. मेट्रो रेल्वेतल्या बंदीला १७९१ मधलं उदाहरण कुठून आणायचं? कौटुंबिक हिंसाचाराचा मनाई हुकूम असलेल्या माणसाकडून बंदूक काढून घेणं तेव्हा माहीतच नव्हतं, म्हणून एका अपील न्यायालयाने तो कायदाच उडवला. जून २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी तो परत बसवला: जुळा भाऊ शोधू नका, तत्त्व जुळलं तरी पुरे. आधार म्हणून जे जुने कायदे दाखवले, त्यांतला एक आपल्याला ओळखीचा वाटेल. ज्याच्याकडून शांतताभंगाची भीती, त्याच्याकडून चांगल्या वर्तणुकीचा जामीन घ्यायचा. आपल्या पोलीस ठाण्याच्या भाषेत चॅप्टर केस.

दुकानाच्या काउंटरवर काय होतं?

परवानाधारक दुकानदाराकडून बंदूक घ्यायची तर ४४७३ क्रमांकाचा केंद्रीय फॉर्म भरावा लागतो. केंद्रीय कायद्याने दुकानातून रायफल किंवा शॉटगन १८ वर्षांवर, पिस्तूल २१ वर्षांवर. सरकारी ओळखपत्र, त्यावर सध्याचा पत्ता. मग प्रश्न: एका वर्षाहून जास्त शिक्षा होऊ शकणाऱ्या गुन्ह्यात दोषी ठरलात का, घरगुती हिंसाचारात दोषी ठरलात का, अंमली पदार्थ घेता का, मनोरुग्णालयात सक्तीने दाखल झाला होता का. गांजाबद्दल फॉर्मवर वेगळा इशारा असतो, कारण अनेक राज्यांत तो कायदेशीर झाला तरी केंद्राच्या कायद्यात नाही. दुकानदार मग एफबीआयच्या तपासणी यंत्रणेला विचारतो. उत्तरं तीन: द्या, थांबा, देऊ नका. बहुतेकांचं काम काही मिनिटांत होतं. 'थांबा' आलं आणि कामाचे तीन दिवस उलटूनही उत्तर नाही, तर केंद्रीय कायद्याप्रमाणे दुकानदार बंदूक देऊ शकतो. २०१५ मध्ये चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ जणांना मारणाऱ्याला पिस्तूल याच फटीतून मिळालं होतं. २०२२च्या कायद्याने २१ वर्षांखालच्या गिऱ्हाइकासाठी ही मुदत कामाच्या दहा दिवसांपर्यंत वाढवता येते.

हा भरलेला फॉर्म दुकानातच राहतो. केंद्राने बंदुकांची मध्यवर्ती नोंदवही करायची नाही, असा १९८६चा कायदा आहे. म्हणून गुन्ह्यात सापडलेल्या बंदुकीचा माग काढताना अधिकारी आधी कारखान्याला फोन करतात, मग घाऊक व्यापाऱ्याला, मग दुकानाला. दुकानदार दप्तर उघडतो. माग पहिल्या गिऱ्हाइकापर्यंतच जातो. त्याने पुढे शेजाऱ्याला विकली असेल तर अनेक राज्यांत त्या व्यवहाराचा कागदच नसतो.

माणसं फसतात ती एका साध्या प्रश्नावर: बंदूक खरोखर तुम्ही स्वतःसाठी घेताय का? व्हर्जिनियातल्या एका माजी पोलिसाने आपल्या सवलतीत पिस्तूल स्वस्त मिळेल म्हणून अंकलसाठी घेतलं (काका की मामा, कोर्टाचे कागद सांगत नाहीत), आणि फॉर्मवर 'स्वतःसाठी' अशी खूण केली. अंकलला बंदूक ठेवायला कसलीच बंदी नव्हती. तरी २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी शिक्षा कायम केली: फॉर्मवर खोटं ते खोटंच.

राज्य बदललं की नियम बदलतात. टेक्सासमध्ये २०२१पासून पात्र प्रौढ माणसाला पिस्तूल जवळ बाळगायला परवाना लागत नाही. न्यूयॉर्कमध्ये १६ तासांचं वर्गातलं आणि दोन तासांचं प्रत्यक्ष नेमबाजीचं शिक्षण लागतं, आणि टाइम्स स्क्वेअरसारख्या ठिकाणी परवाना असूनही बंदी. कॅलिफोर्नियात पैसे भरल्यावर दहा दिवस थांबायचं. एका राज्याचा बाळगण्याचा परवाना दुसऱ्यात चालेलच असं नाही. ड्रायव्हिंग लायसन्ससारखा तो समजणं ही नेहमीची चूक. २०१३ साली पेनसिल्व्हेनियाचा परवाना असलेल्या एका महिलेने न्यू जर्सीत पोलिसाला आपणहून सांगितलं की गाडीत पिस्तूल आहे, आणि तिला अटक झाली. सक्तीच्या तुरुंगवासाचं कलम लागलं होतं. २०१५ साली गव्हर्नरांनी माफी दिली. दुसऱ्या राज्यातून पार जाताना केंद्रीय कायद्याचं संरक्षण हवं तर बंदूक रिकामी आणि डिकीत, हात पोचणार नाही अशी हवी.

आता अमेरिकेत गेलेल्या मराठी घरांसाठी महत्त्वाचं. एच-१बी, एल-१, एफ-१ विद्यार्थी व्हिसा किंवा पर्यटक व्हिसावर असलेल्या माणसाला केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस घेणं, बाळगणं मना आहे. वैध शिकारीचा परवाना असणं हा मुख्य अपवाद. ग्रीन कार्ड मिळाल्यावर ही बंदी जाते. शनिवारी ऑफिसच्या मित्रांबरोबर नेमबाजीच्या रेंजवर जाऊन भाड्याचं पिस्तूल चालवणं यात लोक फसतात. हातात घेतलं की ते 'बाळगणं' झालं. फ्लोरिडात परदेशी विद्यार्थ्याचं असंच झालं. परीक्षेत नापास झाल्याने त्याला कॉलेजने काढलं, त्याने व्हिसाची स्थिती गमावली, आणि नंतर तो रेंजवर गेला. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. २०१९ साली न्यायालयाने एवढंच म्हटलं की आपली व्हिसाची स्थिती काय आहे हे आरोपीला माहीत होतं, हे सरकारने सिद्ध केलं पाहिजे. रेंजवर जाणं चालतं, असं म्हटलेलं नाही. नवऱ्याचं ग्रीन कार्ड आणि बायको अजून व्हिसावर, अशा घरात तिजोरीची किल्ली तिच्याही हाती असेल, तर बंदूक तिच्याही ताब्यात आहे असं सरकारी वकील म्हणू शकतो.

भारताच्या संविधान सभेत

हा हक्क भारताच्या घटनेत यावा अशी मागणी झाली होती. ब्रिटिशांनी १८७८च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगायला बंदी केली, त्याचा राग जुना होता. भारतातल्या काँग्रेस पक्षाच्या १९३१च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क घातलेला होता. डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामत यांनी संविधान सभेत तशी दुरुस्ती सुचवली. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. सरसकट हक्क दिला तर दरोडेखोरही तो मागेल, ही एक अडचण त्यांनी दाखवली. पण त्यांचा दुसरा मुद्दा १७९२च्या त्या यादीच्या फार जवळ जातो: स्वातंत्र्यानंतर आग्रह धरायचा तो शस्त्र धारण करण्याच्या हक्काचा नाही, कर्तव्याचा, युद्ध किंवा बंड झालं तर राज्याने कुणाही नागरिकाला शस्त्र घ्यायला बोलावावं. कामतांची दुरुस्ती नामंजूर झाली. ज्या कलमात ती येणार होती ते पुढे १९वं झालं, आणि त्यात शस्त्राचा उल्लेख एकाच ठिकाणी उरला, जमण्याच्या हक्कात: 'शांततेने व विनाशस्त्र'.